सहा पाहुणे आणि एक फ्रेंच जेवण: गुरुवार ते शनिवार, काय कधी करायचं

फ्रान्समधल्या लियों शहरात नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांतून मला एक फोन ठरलेला असतो. ऑफिसातल्या फ्रेंच मंडळींना घरी जेवायला बोलावलंय, आणि आपलं चिकन-भात नाही, त्यांच्याच पद्धतीचं काहीतरी करायचंय. आठवड्याने दुसरा फोन येतो: "चव छान जमली होती गं, पण काहीतरी फिसकटलं." बहुतेक वेळा फिसकटलेला असतो तो क्रम.

माझंही तेच झालं होतं. मी सगळं एकदम टेबलावर मांडलं, "तुम्ही सुरू करा, गरम आहे तोवर खा" म्हणाले आणि परत गॅसपाशी गेले. दहा मिनिटांनी येऊन बघते तर सहाही जण मनगटं टेबलाच्या कडेला टेकवून गप्पा मारतायत, काट्याला कोणी हात लावलेला नाही. घरची बाई बसून पहिला घास घेईपर्यंत इथे जेवण सुरूच होत नाही. आपल्याकडे वाढणारी शेवटी जेवते, आणि इथे ती स्वयंपाकघरात अडकली की पाहुणे उपाशी बसतात.

म्हणून खालचं सगळं वेळापत्रक एकाच हिशेबाने लावलंय: शनिवारी रात्री आठनंतर काहीही 'करायचं' उरता कामा नये. उठायचं ते ताटल्या बदलायला.

मेन्यू असा: सुरुवातीला सेर्व्हेल द कानु (चक्क्याचं तोंडीलावणं), मग लीक व्हिनेग्रेट (कांद्याच्या पातीच्या जातीची जाड भाजी, व्हिनेगर-तेलाच्या ड्रेसिंगमध्ये), मग कॉक-ओ-व्हँ म्हणजे रेड वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी आणि उकडलेले बटाटे, मग पानांचं सॅलड, चीज, आणि शेवटी चॉकलेट मूस. यादी वाचून घाबरू नका, यातलं अर्धं आदल्या दिवशीच होतं.

१. बोलावतानाच विचारून घ्या

"तुम्ही काय खात नाही?" हा प्रश्न इथे कोणालाच खटकत नाही. चार गोष्टी नावानिशी विचारा: डुकराचं मांस, दारू, कच्चं अंडं, दूध. या मेन्यूत चारही आहेत. बेकनचे तुकडे (इथे लार्दों म्हणतात) गाळता येतात. वाइन मात्र गाळता येत नाही. 'शिजवल्यावर दारू उडून जाते' ही समजूत अर्धवट आहे. तासभर मंद शिजवल्यावरही साधारण पाव हिस्सा अल्कोहोल रश्श्यात राहतं. जो दारू अजिबात घेत नाही त्याला हे न सांगता वाढू नका.

कोणी शाकाहारी असेल तर त्याच्यासाठी ग्रातँ दोफिन्वा करा. एक किलो बटाट्याचे दोन-तीन मिलिमीटर जाड काप, अर्धा लिटर दूध, ३०० मिली क्रीम, एक लसूण पाकळी, मीठ, थोडं जायफळ. दूध-क्रीम-मीठ गरम करून कापांवर ओता आणि १६० अंशांवर सव्वा तास ओव्हनमध्ये ठेवा. काप पाण्यात धुवायचे नाहीत. आपण बटाट्याच्या काचऱ्या धुतो त्या हाताने इथेही धुतले, तर जो स्टार्च दुधाला दाटपणा देणार तोच नळाखाली वाहून जातो. वरून चीजही नको, अस्सल ग्रातँ दोफिन्वात ते नसतं.

*सावधान:* जुन्या पद्धतीच्या बहुतेक फ्रेंच चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट वापरतात. इथले शाकाहारी लोकसुद्धा पुष्कळदा चीज खातात, पण भारतातून आलेल्या सासूबाई खातील असं धरून चालू नका. सांगा आणि ठरवू द्या.

२. गुरुवार रात्र: कोंबडी वाइनमध्ये

सहा जणांना सहा अख्ख्या तंगड्या घ्या, मांडी आणि पाय जोडलेला, मिळून साधारण १ किलो ८०० ग्रॅम. छातीचे तुकडे नकोत, ते कोरडे पडतात. मूळ पदार्थ म्हाताऱ्या कोंबड्याचा आहे. तो मिळालाच तर शिजायला दोन ते तीन तास लागतात आणि खाटकाकडे आधी सांगून ठेवावं लागतं. पहिल्या खेपेला तंगड्याच बऱ्या.

बाकीचं:
- रेड वाइन, एक बाटली (७५० मिली). बर्गंडीची पिनो न्वार किंवा लियोंच्या शेजारची बोजोले
- गाजरं दोन, कांदा एक, लसूण तीन पाकळ्या
- बूके गार्नी: थाइम, लॉरिएची दोन पानं, पार्सलीचे देठ, सगळं दोऱ्याने बांधून

लॉरिए म्हणजे आपलं तमालपत्र नव्हे. तमालपत्राला दालचिनीकडे झुकणारा वास असतो. ते घातलंत की खोलीत बिर्याणीचा भास होतो. नसेल लॉरिए तर पान गाळा.

गाजर-कांद्याचे मोठे तुकडे, तंगड्या, लसूण आणि बूके गार्नी काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घाला, वर वाइन ओता, झाका आणि फ्रिजमध्ये ठेवा. ॲल्युमिनियम किंवा पितळेचं भांडं नको, वाइन आंबट असते. मीठ, हळद, आलं-लसूण काहीही चोळायचं नाही. हात शिवशिवतात, मला माहीत आहे.

३. शुक्रवार संध्याकाळ: कॉक-ओ-व्हँ

हा पदार्थ आदल्या दिवशीच करायचा. मुरलेला रस्सा चवीला सरस लागतो हे एक, आणि शनिवारी तुम्हाला हात मोकळे हवेत हे दुसरं.

भांडं बिडाचं, जड झाकणाचं, आतून इनॅमलचा थर दिलेलं घ्या. त्याला इथे कोकोत म्हणतात. घरच्या साध्या बिडाच्या कढईत तासभर वाइन शिजवलीत तर रस्सा काळवंडतो आणि लोखंडी चव येते. प्रेशर कुकर तर नकोच: मांस हाडावरून सुटून येतं, रस्सा मात्र आटत नाही.

*पहिलं काम, पुसणं.* तंगड्या वाइनमधून काढा, भाज्या वेगळ्या करा, वाइन गाळून घ्या. मग प्रत्येक तंगडी कागदी रुमालाने कोरडी पुसा. लोक नेमकी ही पायरी गाळतात. ओली कोंबडी तेलात गेली की आधी वाफ निघते, रंग येत नाही, आणि त्या रंगावर अख्ख्या रश्श्याची चव उभी असते.

*दुसरं, परतणं.* १५० ग्रॅम लार्दों मंद आचेवर परता, चरबी सुटली की काढून ठेवा. लार्दों वापरत नसाल तर दोन चमचे तेल आणि थोडं लोणी. त्यात तंगड्या तीन-तीन करून तांबूस करा, कातडी खाली ठेवून. सहा एकदम कोंबल्या तर पुन्हा वाफच. मीठ-मिरी आता घाला, पण हात आखडता ठेवा, लार्दों खारट असतात.

*तिसरं, आग.* ही पायरी ऐच्छिक आहे. परतलेल्या सगळ्या तंगड्या भांड्यात परत घाला, गॅस बंद करा, ५० मिली कोन्याक (फ्रेंच ब्रँडी) वाटीतून ओता आणि लांब काडीने पेटवा.

*सावधान:* कोन्याक बाटलीतून थेट ओतू नका. चिमणीचा पंखा बंद ठेवा, नाहीतर ज्वाळा वर खेचली जाते. झाकण हातात तयार असू द्या. धाकधूक वाटत असेल तर पेटवू नका, नुसतं उकळू द्या. पाहुण्यांना काही कळत नाही.

*चौथं, शिजवणं.* तंगड्या बाजूला काढून गाळलेल्या भाज्या त्याच चरबीत पाच-सात मिनिटं परता. वाइन ओता, खळखळती उकळी आणा आणि वर येणारा करडा फेस झाऱ्याने काढून टाका. तो कच्च्या कोंबडीच्या रसाचा असतो, ठेवलात तर रस्सा गढूळ होतो. पाच मिनिटं उकळल्यावर २५० मिली कोंबडीचा स्टॉक, तंगड्या, लार्दों आणि बूके गार्नी घाला. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर ४५ मिनिटं. एखाद-दुसरा बुडबुडा यावा, एवढीच आच.

*तपासा:* सुरी मांडीत अडखळल्याशिवाय जायला हवी, पण मांस हाडाला धरून असायला हवं. उद्या ते अजून अर्धा तास गरम होणार आहे, म्हणून आज थोडं आधीच थांबा.

दोन तासांच्या आत निववून फ्रिजमध्ये टाका. सकाळी वर चरबीचा थर गोठलेला दिसेल, तो चमच्याने उचलता येतो.

झोपण्याआधी एक काम: अर्धा किलो फ्रोमाज ब्लाँ (दह्यासारखं मऊ, ताजं चीज) स्वच्छ फडक्यात बांधून चाळणीत फ्रिजमध्ये टांगा. श्रीखंडासाठी चक्का बांधतो तसंच. पुण्यात करत असाल तर चक्काच वापरा, फक्त दही आंबट नको.

४. शनिवार सकाळ: बाजार, मग मूस

लियोंमधल्या क्रुआ-रूस भागातला रस्त्यावरचा बाजार सकाळचाच असतो. लीक, कोवळी पानं, मशरूम, छोटे कांदे, बटाटे तिथून. बटाटे विचारून घ्या: शार्लोत जातीचा उकडल्यावर आकार धरतो, बिंत्ये पीठ होतो. जेवण सोमवारी ठेवलं असेल तर खरेदी आधीच उरका. पुष्कळ चीजवाले, खाटीक आणि बेकऱ्या सोमवारी बंद असतात.

मूस दुपारी बाराच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट (६० ते ७० टक्के), सहा ताजी अंडी, चिमूटभर मीठ. एवढंच.

चॉकलेटचं भांडं वाफेवर धरून वितळवा, खालचं पाणी भांड्याच्या बुडाला लागू देऊ नका. उतरवून कोमट होऊ द्या. बोट बुडवलं तर ऊन किंवा गार काहीच जाणवू नये. फार गरम असेल तर बलक शिजून गुठळ्या होतात, फार गार असेल तर चॉकलेट कणीदार होतं. बलक एकेक करून मिसळा. पांढरा भाग मीठ घालून फेटा, फेटणी वर उचलल्यावर टोक पक्ष्याच्या चोचीसारखं किंचित वाकलं की थांबा. त्यातला एक तृतीयांश चॉकलेटमध्ये बिनधास्त ढवळा, म्हणजे मिश्रण सैल होतं. उरलेला दोन भागांत, खालून वर, हलक्या हाताने. वाट्यांत भरा, निदान चार तास थंड.

*सावधान:* पांढऱ्यात बलकाचा थेंब किंवा भांड्याला तेलकटपणा असेल तर फेस धरत नाही. आणि हे अंडं कच्चं आहे. गरोदर बाई, लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर मूस विसरा, चीजनंतर फळांची टार्ट आणा. बेकरीतून आणलेल्या गोडाला इथे कोणी नाक मुरडत नाही.

५. शनिवार दुपार: छोटी कामं

*सेर्व्हेल द कानु.* कानु म्हणजे क्रुआ-रूसच्या टेकडीवरचे रेशीम विणकर, आणि या पदार्थाच्या नावाचा अर्थ 'विणकराचा मेंदू'. नाव ऐकून दचकू नका, हा हिरवा मसाला घातलेला चक्का आहे. टांगलेल्या फ्रोमाज ब्लाँमध्ये एक-दोन शॅलट (छोटे लांबट कांदे) आणि अर्धी लसूण पाकळी अगदी बारीक चिरून, मूठभर चाइव्ह (कांद्याच्या पातीसारखी बारीक पात), थोडी पार्सली, दोन चमचे ऑलिव्ह तेल, चमचाभर व्हिनेगर, मीठ, मिरी. दोन तास मुरू द्या. कोथिंबीर घातलीत की तो रायत्याकडे झुकतो. चवीला वाईट नाही, पण मग त्याला कानु म्हणू नका.

*व्हिनेग्रेट.* बाटलीतलं विकत आणू नका, दोन मिनिटांचं काम आहे. आधी दोन चमचे रेड वाइन व्हिनेगरमध्ये मीठ विरघळवा. तेल घातल्यावर मीठ विरघळत नाही, तळाशी खडे राहतात. मग चमचाभर दिजों मोहरी, मग सहा चमचे तेल धारेने, फेटत फेटत. एकास तीन हे प्रमाण. थोडं सॅलडसाठी राखून ठेवा.

*लीक.* सहा-सात मध्यम. हिरवा शेंडा उभा चिरून, पानं फाकवून वाहत्या पाण्याखाली धरा. थरांमध्ये माती असते आणि ती हमखास पाहुण्यांच्याच दाताखाली येते. खारट उकळत्या पाण्यात १५ ते २० मिनिटं. चाळणीत उभे, डोकं खाली करून निथळा. कोमट असतानाच व्हिनेग्रेट घाला, गार लीक ते शोषत नाही. नीट निथळले नाहीत तर ताटलीत पाण्याचं तळं होतं.

*कॉक-ओ-व्हँची सजावट.* १५-१८ छोटे कांदे उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवले की साल सुटते. लोणी, चिमूट साखर, थोडं पाणी घालून पाणी आटून तकाकी येईपर्यंत परता. पाव किलो मशरूम वेगळ्या तव्यावर, मोठ्या आचेवर. दोन्ही बाजूला ठेवा.

६. टेबल आणि सहा ते आठ

सहा वाजता बॅगेट, म्हणजे लांब फ्रेंच पाव, आणा. आदल्या दिवशीचा पाव वापरू नका, पण सकाळचाही नको. सहा जणांना 'त्रादिसियों' प्रकारचे दोन ते तीन घ्या. पाव ताटलीत नाही, टेबलक्लॉथवरच ठेवतात, पण उलटा, बूड वर करून नाही, तो अपशकुन. पाण्याचा जग लागतोच. सात वाजता चीज फ्रिजबाहेर काढा, कागद तसाच राहू द्या.

सातलाच कॉक-ओ-व्हँ सर्वांत मंद आचेवर ठेवा. अर्ध्या तासाने तंगड्या हलकेच काढून घ्या आणि उघड्या भांड्यात रस्सा आटवा. मग २५ ग्रॅम मऊ लोणी आणि २५ ग्रॅम मैदा काट्याने एकजीव करून तुकड्यातुकड्यांनी उकळत्या रश्श्यात फेटा. याला बर मानिए म्हणतात. पाच मिनिटं उकळू द्या, मैद्याचा कच्चेपणा जातो. तंगड्या, कांदे, मशरूम परत आत. झाकण. गॅस अगदी बारीक.

*तपासा:* चमचा बुडवा, पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ मिटली नाही तर दाटपणा बरोबर. रंग जांभळट-करडा असेल तर वाइन अजून आटायची आहे, तपकिरी-लालसर व्हायला हवी. आंबट लागतोय? चिमूट साखर किंवा चॉकलेटचा नखाएवढा तुकडा. मूसमधलं उरलं असेलच.

बटाटे आठला उकडायला टाका, पाहुणे अपेरिटिफ, म्हणजे जेवणाआधीचं पेय, घेत असताना ते होतात.

७. आठनंतर

आठचं आमंत्रण म्हणजे सव्वाआठ. बरोबर आठला बेल वाजली तर तो बहुधा भारतीय पाहुणा. फुलं आली तर लगेच पाण्यात ठेवा. तुम्ही कोणाकडे जाताना मात्र शेवंती नेऊ नका, इथे ती एक नोव्हेंबरच्या सुमारास थडग्यांवर वाहतात. पाहुण्याने आणलेली वाइन त्याच रात्री उघडायची सक्ती नाही.

अपेरिटिफ टेबलावर नाही, सोफ्यापाशी. कानु, मुळ्याचे तुकडे, थोडा पाव. बस. आपण इथेच घसरतो: समोसे, कबाब, भजी, आणि लीक येईपर्यंत पाहुणे तुडुंब. 'सांते' (म्हणजे चिअर्स) म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं.

मग टेबल. आधी लीक, ते संपल्यावर ताटल्या उचला, मग कोंबडी. युनेस्कोने २०१० मध्ये फ्रेंच जेवणाची नोंद केली ती कुठल्या एका पदार्थाची नाही, या रीतीची, आणि त्या वर्णनात हा क्रमही आहे. तुम्ही बसा, 'बोनापेती' म्हणा, काटा उचला. वाइन यजमानाने ओतायची, पेला अर्ध्याच्या खाली. कोणी भरलेला पेला तसाच ठेवला तर त्याला नको आहे.

कोंबडी दुसऱ्यांदा विचारा, एकदा. "अहो घ्या ना, काहीच घेतलं नाही" हा आग्रह फ्रेंचमध्ये भाषांतरित होत नाही. समोरचा गोंधळतो, आणि मग घाबरून खातो. सॅलडची पानं सुरीने कापत नाहीत, काट्याने दुमडतात. ड्रेसिंग आयत्या वेळी, नाहीतर पानं मरगळतात.

चीज, जरा थांबून

तीन पुरेत, सहा जणांत मिळून ३०० ग्रॅम: एक मऊ (आमच्याकडे सें-मार्सेलँ, चमच्याने वाहील इतकं), एक कठीण (कोंते), एक निळं किंवा बकरीचं. प्रत्येकाला वेगळी सुरी. तबक फिरतं, जो तो घेतो, सौम्यापासून उग्राकडे खातो. गोल चीज केकसारखं, मध्यापासून कडेकडे कापा. त्रिकोणी ब्रीचं टोक, म्हणजे 'नाक', आडवं उडवू नका. मधला मऊ भाग एकाने पळवला आणि बाकीच्यांना साल राहिली असा त्याचा अर्थ होतो. मी ते नाक उडवलं होतं, पहिल्याच वर्षी, दुसऱ्याच्या घरी. कोणी काही बोललं नाही. यजमानाने फक्त तबक स्वतःकडे घेऊन बाकीचे तुकडे स्वतः कापून दिले.

तबक एकदाच फिरतं. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे जेवण कमी पडलं का, असं विचारणं.

मग मूस. मग काळी कॉफी, गोडाबरोबर नाही, गोडानंतर. दारातला निरोप अर्धा तास चालतो, तो आपल्यासारखाच.

८. उरलेलं

कोंबडी उरत नाही, रस्सा उरतो. रविवारी तो उकळून त्यात दोन पोच केलेली अंडी सोडा, खाली भाजलेल्या पावाचा तुकडा. बर्गंडीत याला अ-अँ-म्यरेत म्हणतात आणि हॉटेलात ताटली भरून पैसे घेतात. मी भाकरीबरोबर खाते, पण पाहुणे गेल्यावर.